घरातल्या मांजरांची भांडणं : हाकलू नका, वाटणी करून द्या

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



आज मी खताचा हप्ता सांगणार नाही, की कीड-रोगाबद्दलही बोलणार नाही. आजचा विषय आहे घरातलं मांजर. ऐकून काही जण हसतील. पण ज्याच्या घरात दोन-तीन मांजरं आहेत आणि रात्री बारा वाजता माळ्यावर ज्यांची कुस्ती चालते, तो शेतकरी हसणार नाही. त्यानं हे भाषण शेवटपर्यंत ऐकावं.

स्वारगेटवर भेटलेलं पोतं

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. पुण्यातलं काम आटोपून मी स्वारगेटच्या एसटी स्थानकावर भोरच्या गाडीची वाट पाहत होतो. स्वारगेटला २०२४ साली भुयारी मेट्रो आली, तरी आपल्या शेतकऱ्याचं स्वारगेट म्हणजे अजूनही एसटीचा फलाटच. तिथं बाकड्याखाली एक पोतं ठेवलेलं होतं आणि ते पोतं हलत होतं. शेजारी भोरकडचेच पन्नाशीचे एक शेतकरी बसले होते.

मी विचारलं, "मामा, पोत्यात काय आहे?"

ते म्हणाले, "बोका आहे साहेब. मार्केट यार्डात सोडून येतो. गुळ-भुसाराच्या आडतीला उंदरांना काय तोटा? पोट भरंल त्याचं."

चौकशी केली तेव्हा सगळी हकीकत कळली. घरात एक भाटी आणि तिचा दीड वर्षाचा बोका. त्यात बहिणीकडून आणखी एक बोका आणलेला. तेव्हापासून दोघांची रोज मारामारी. भाताच्या पोत्यांवर मुताच्या पिचकाऱ्या. आणि शेवटी त्या दोघांना सोडवायला गेलेल्या सहा वर्षांच्या नातवाच्या हाताला चावा.

मी विचारलं, "चावून किती दिवस झाले?"

"चार."

"सुई दिली?"

"नाही. हळद दाबली. जखम भरत आलीय."

मंडळी, माझं भोरला जाणं तिथंच थांबलं. या एका प्रसंगात तीन चुका होत्या, आणि त्या आपल्या गावोगाव होतात. एक, भांडणाऱ्या मांजरांच्या मध्ये हात घालणं. दोन, मांजराच्या चाव्याला हळद हेच औषध समजणं. आणि तीन, चावलेलं जनावर लांब सोडून देणं. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

आधी माणसाचं : चाव्यावर उपाय

रेबीज म्हणजे पिसाळण्याचा रोग फक्त कुत्र्यापासून होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. मांजरालाही रेबीज होतो आणि मांजराच्या चाव्यातून, ओरखड्यातून तो माणसाला होऊ शकतो. रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. परंतु चावल्यावर वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. म्हणून मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर पुढीलप्रमाणे करावे.

जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरी पंधरा मिनिटं धुवावी. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळाची, अंदाजाची नव्हेत. हळद, चुना, तिखट, तंबाखू, राख यांतलं काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जावे. डॉक्टर लशीच्या ज्या तारखा देतील त्या सर्व पाळाव्यात. दोन सुया घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून पुढच्या सोडू नयेत. रक्त आलेलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं, तेही टाळू नये. उशीर झाला असला तरी जावेच. चार दिवस झाले म्हणून लस वाया जात नाही.

आता पोत्यातल्या बोक्याकडे येऊ. चावलेलं मांजर किंवा कुत्रं चाव्यानंतर दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टरांना सांगता येतं. लस मात्र दहा दिवसांची वाट न पाहता लगेच सुरू करायची. मी मामांना म्हटलं, "तुम्ही हा बोका यार्डात सोडलात तर दहा दिवसांनी तो जिवंत आहे की मेला, हे कोण सांगणार? नातवाच्या बाबतीतला पुरावाच तुम्ही पोत्यात घालून फेकायला निघालात." मामांनी पोत्याचं तोंड घट्ट धरलं आणि बोका परत न्यायला तयार झाले.

लांब सोडून भांडण मिटत नाही

मांजर सोडून देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. पण त्याचा उपयोग होत नाही. पुष्कळ मांजरं वाट काढून परत येतात. जी येत नाहीत ती अनोळखी जागेत उपाशी राहतात, तिथल्या मांजरांकडून आणि कुत्र्यांकडून फाटतात किंवा गाडीखाली जातात. आणि आपल्या घरातली जागा रिकामी झाली की चार दिवसांत शेजारचा बोका तिथं येऊन बसतो. भांडण पुन्हा सुरूच. शिवाय पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

मांजरं भांडतात का?

मांजर माणसाजवळ आलं ते आपल्यामुळंच, म्हणजे शेतकऱ्यामुळं. माणूस धान्य पिकवून साठवू लागला, धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं रानमांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलेलं आहे. इतकी जुनी ही सोबत. पण या काळात मांजराचा मूळ स्वभाव फारसा बदलला नाही. मेंढरं कळपानं चरतात, बैल जोडीनं चालतात, कुत्री टोळी करतात. मांजर मात्र एकट्यानं शिकार करतं आणि एकट्यानं खातं. त्यामुळं प्रत्येक मांजराला आपली शिकारीची, खाण्याची आणि झोपण्याची हद्द लागते.

ही हद्द ते वासानं आखतं. दाराच्या चौकटीला गाल घासणं, खांबाला नखं मारणं, शेपटी उभी करून पिचकारी मारणं, हे सारं म्हणजे आपल्या बांधावर दगड रोवण्यासारखं आहे. दुसऱ्यानं दगड हलवला की बांधाचं भांडण सुरू होतं. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातात हे आपण पाहतो, मग मांजराला दोष कशाला द्यायचा? आपल्याकडे अशा वेळी समजूतदार माणसं काय करतात? शिव्या देत नाहीत, एकाला गावातून हाकलत नाहीत. मोजणी करून वाटणी करून देतात. मांजरांच्या बाबतीतही हेच करायचं आहे.

खेळ आणि भांडण यांतला फरक ओळखा

पिल्लं आणि ओळखीची मांजरं एकमेकांवर उड्या घेतात, कधी हा वर तर कधी तो. नखं आत असतात आणि फारसा आवाज नसतो. तो खेळ समजावा. कान मागं चिकटलेले, अंगावरचे केस उभे, शेपटीचे फटके, फिसकारणं आणि खोल आवाजातलं गुरगुरणं दिसलं की ते भांडण. पण खरं भांडण पुष्कळदा त्याआधीच, गुपचूप सुरू झालेलं असतं. एक मांजर स्वयंपाकघराच्या दारात बसून दुसऱ्याकडं टक लावून पाहतं आणि दुसरं मागं फिरतं. पुढं पुढं ते माळ्यावरून खालीच उतरत नाही. आपल्याला वाटतं, गरीब आहे. प्रत्यक्षात ते कोंडलेलं असतं.

भांडण जुंपलं तर मध्ये हात किंवा पाय घालू नये. ताट वाजवावं, टाळी वाजवावी, किंवा दोघांच्या मध्ये सूप, फळी, पोतं असं काही आडवं सरकवावं. ती सुटली की दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून अंधार आणि शांतता द्यावी. पिसाटलेल्या मांजराला लगेच उचलून कुरवाळू नये. त्याचा राग उतरायला काही तास, कधी पूर्ण दिवस लागतो. काठीनं मारू नये. मार खाल्लेलं मांजर शिकतं ते इतकंच, की तो दुसरा जवळ आला की मार बसतो. मग वैर आणखी वाढतं.

कधी कधी कारण घरात नसतंच. खिडकीतून बाहेरचा बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि राग शेजारी बसलेल्या आपल्याच मांजरावर निघतो. अशा वेळी बाहेरच्या बोक्याला खरकटं टाकणं बंद करावं आणि खिडकीचा खालचा भाग झाकावा.

आणखी एक. वर्षानुवर्षं गरीब असलेलं मांजर एकाएकी चावू लागलं तर आधी दुखणं शोधावं. मांजराच्या चाव्याची जखम वरून लहान दिसते, पण दोन-चार दिवसांत आत पू धरतो. किडलेले दात किंवा मुका मार यांनीही ते चिडतं. लाळ गळणं, तोल जाणं, दिसेल त्याच्यावर धावून जाणं अशी लक्षणं असतील तर हात न लावता कोंडावे आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवावे. मी शेतीचा पदवीधर आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. औषध मी सांगणार नाही, ते त्यांनाच विचारा.

पहिला उपाय : खच्चीकरण

बोके भांडतात त्यामागं पुष्कळदा माजावरची भाटी असते. बोका खच्ची केला की भटकणं, मारामारी आणि पिचकाऱ्या बहुतेक बोक्यांत खूप कमी होतात. काहींत लगेच, काहींत काही आठवड्यांनी. ही शस्त्रक्रिया पाच-सहा महिन्यांच्या वयापासून करता येते. बैलासारखं हे काम चिमट्यानं होत नाही. भूल देऊन पशुवैद्यकच ते करतात. गावठी पद्धतीनं कोणी करू पाहील तर करू देऊ नये. भाटीचीही नसबंदी करून घ्यावी. ती साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि वर्षाला दोन-तीन वेत देऊ शकते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. तिथं सोय नसेल तर कुठं आहे ते तेच सांगतील. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यावी. ती तीन महिन्यांच्या वयापासून देतात आणि पुढं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा द्यावी लागते.

एक काळजी घ्यावी. दवाखान्यातून आलेल्या मांजराला औषधाचा वास येतो. घरातलं दुसरं मांजर त्याला ओळखतच नाही आणि तुटून पडतं. म्हणून परत आल्यावर एक-दोन दिवस वेगळं ठेवावे.

दुसरा उपाय : घराची वाटणी

खाणं. सगळ्यांना एका परातीत घालू नये. प्रत्येकाची करवंटी किंवा ताटली वेगळी असावी आणि एकमेकांना दिसणार नाही अशा जागी ठेवावी. एकाची ओसरीवर, दुसऱ्याची मागच्या पडवीत. पाणीही दोन ठिकाणी. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचं भागत नाही. त्याला मांस-मासळीचा अंश लागतो. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, हगवण लागते. उपाशी मांजर चांगली शिकार करतं हा समज सोडून द्यावा. अर्धपोटी मांजर भांडतं जास्त.

उंची. मांजराला उंच जागा म्हणजे आपली गढी. भिंतीला दोन-तीन फळ्या ठोकाव्यात, एक माळ्यावर जागा, एक वैरणीच्या गंजीवर. वर चढायला आणि उतरायला दोन वाटा असाव्यात, म्हणजे एकाला दुसरा कोंडू शकत नाही.

झोपणं आणि लपणं. जितकी मांजरं, त्याहून एक जागा जास्त. जुनं खोकं, तोंड आडवं केलेली पाटी, फाटकं गोणपाट यांनी काम भागतं.

विष्ठेची जागा. मांजर बाहेर जात असेल तर प्रश्न नाही. पावसाळ्यात घरात जात असेल तर कोरडी माती किंवा वाळू भरलेल्या पाट्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवाव्यात. त्याही मांजरांपेक्षा एक जास्त. त्या रोजच्या रोज साफ कराव्यात. गरोदर बाईनं हे काम करू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करणारा एक रोग होऊ शकतो. पिचकारीची जागा साबण-पाण्यानं स्वच्छ धुवावी. फिनेल वापरू नये, ते मांजराला विषारी आहे. धान्याची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. मुतानं भिजलेलं धान्य खाऊ नये.

तिसरा उपाय : पुन्हा ओळख करून देणं

वैर फार वाढलं असेल तर दोघांना पूर्ण वेगळं करावं आणि नवी सोयरीक जमवतो तशी सावकाश भेट घडवावी. एक माजघरात, दुसरं गोठ्याशेजारच्या खोलीत. पहिले तीन-चार दिवस फक्त अंथरुणांची अदलाबदल करावी. याचं फडकं त्याच्याकडं, त्याचं याच्याकडं. वासाची सवय झाली की बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला घालावं. मग दार बोटभर उघडं ठेवावं. मग एकाच खोलीत, दोन टोकांना, मासळीच्या तुकड्यासह थोडा वेळ. कोणी फिसकारलं तर पुन्हा एक पायरी मागं यावं. याला दोन आठवडे लागतील, कधी दोन महिनेही. डालग्याखाली एकाला कोंडून दुसऱ्याला त्याच्याभोवती फिरू देऊ नये. त्यानं भीती बसते. नवीन मांजर घरात आणतानाही हीच रीत पाळावी.

खोलीत कोंडलेल्या मांजराला दिवसातून दोन वेळा सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून खेळवावं. शिकारीची खुमखुमी त्यात जिरते, नाहीतर ती दुसऱ्या मांजरावर निघते.

किती मांजरं ठेवावीत?

घराला झेपतील तितकीच. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात हडपसर भागातल्या एका सदनिकेत तीनशेहून जास्त मांजरं असल्याची तक्रार झाली. दुर्गंधी आणि आवाज यांनी शेजारी हैराण झाले होते. शेवटी महापालिकेला नोटीस द्यावी लागली. गावच्या घरात तीनशे होणार नाहीत, पण नसबंदी न केलेली एक भाटी दोन वर्षांत घर भरून टाकते. साध्या शेतकरी घराला दोन मांजरं पुष्कळ झाली. तिसरं आणण्याआधी वाटणीला जागा आहे का ते पाहावे.

हे मात्र करू नका

माणसाची तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला कधीही देऊ नये. एका गोळीनंही ते मरू शकतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या अंगाला लावू नये. घरात मांजर असताना झिंक फॉस्फाईडचं आमिष उघड्यावर ठेवू नये. विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात जाऊ शकतो. आणि मांजराला गप्प करायला अफू, दारू असले प्रयोग करू नयेत.

पुढं काय झालं?

मामा त्याच दिवशी परत गेले. दुसऱ्या दिवशी नातवाला रुग्णालयात नेलं आणि लशीचे सगळे हप्ते पुरे केले. बोका दहा दिवस रिकाम्या खोलीत ठेवला, तो धडधाकट राहिला. नंतर दोन्ही बोके खच्ची केले, भाटीचीही नसबंदी झाली. एकाची करवंटी गोठ्यात गेली, दुसऱ्याची ओसरीवर राहिली. दिवाळीच्या सुमारास मी त्या घरी गेलो होतो. दोन्ही बोक्यांची मैत्री झालेली नव्हती. एक वैरणीवर झोपला होता, दुसरा कणगीवर. एकमेकांकडं पाहत होते, पण कोणी उठलं नाही. मामा म्हणाले, "साहेब, गळ्यात गळा नाही घातला त्यांनी."

मी म्हटलं, "मामा, तो घालतील असं मी म्हटलंच नव्हतं. बांध ठरला, एवढं पुरे आहे."

मांजरांना एकमेकांवर प्रेम करायला लावणं आपल्या हातात नाही. दोघांना आपापल्या जागी सुखानं राहू देणं मात्र आपल्या हातात आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. चावा किंवा ओरखडा : साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुणं, त्याच दिवशी दवाखाना, लशीचे सर्व हप्ते.
२. चावलेलं मांजर १० दिवस नजरेखाली. सोडून देऊ नये, मारू नये.
३. भांडणात हात घालू नये. मध्ये सूप किंवा फळी सरकवावी.
४. बोक्याचं खच्चीकरण, भाटीची नसबंदी, दोघांना रेबीजची लस.
५. खाणं, पाणी, झोप आणि विष्ठेची जागा प्रत्येकाची वेगळी.
६. नवी किंवा बिघडलेली ओळख वासापासून, सावकाश.
७. एकाएकी चिडलेलं मांजर आजारी समजून पशुवैद्यकांना दाखवावे.

आपल्या घरी काही अडचण असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर विचारा.